गिरजाबाईंची शिसपेन्सिल

गिरजाबाईंच्या टेबलावर शाईची दौत असायची, पण ती डिप्टीसाहेबांना दाखवायला. हजेरीपट शाईनं, म्युनिसिपालिटीकडे जाणारा कागद शाईनं. पण मुलींच्या नावापुढं 'वर्तणूक' असा एक रकाना असे, तिथं बाई शिसपेन्सिलीनं लिहायच्या. आणि महिन्या-दोन महिन्यांनी रबर घेऊन खोडतही बसायच्या.

एकदा तपासणीला आलेले डिप्टीसाहेब ते पाहून भडकले. "बाई, हे सरकारी रजिस्टर आहे! पेन्सिलीनं लिहायला ही काय पाटी आहे?"

बाईंनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली, सावकाश ओढली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "सायेब, पोट्टी वाढून राहिली. शाई काही वाढत नाही."

डिप्टीसाहेबांनी रजिस्टर मिटलं. चहा पिऊन गेले बिचारे. पुढच्या तपासणीला ते रजिस्टर त्यांनी उघडलंच नाही. मी शेजारी उभी होते आणि मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू घशातच राहिलं.

अकोल्यातली मुलींची शाळा होती ती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, इंग्रजाचं राज्य होतं, आणि मुलींच्या शाळेत मुली आणायच्या म्हणजे घरोघर फिरून आयांचे पाय धरावे लागत. गिरजाबाई मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. मोर्णेच्या काठी भाजीचे वाफे लावणाऱ्या माळ्याची लेक. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला. भावानं हट्टानं शिकवलं. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की वर्गातून हाक मारली तर रस्त्यावरचा टांगेवाला थांबायचा. खुर्चीत त्या क्वचित बसत. शाळेच्या दाराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ती मोजायच्या. हजेरी नंतर व्हायची. आधी डोकी.

मी अमरावतीहून ट्रेनिंग करून आले होते. वय एकोणीस, अंगावर नवं पातळ, डोक्यात नवी पुस्तकं. जगात मला कळत नाही असं काही उरलंय असं तेव्हा मला वाटत नव्हतं. पहिल्याच दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सुमती नाव काय? बरं. सुमे, आठ दिवस काही शिकवू नोको. नुस्तं पाह्य." मला भयंकर राग आला. आठ दिवस मी रागारागानं पाहिलं, आणि त्या आठ दिवसांत काहीसुद्धा पाहिलं नाही. ते कळायला मला वर्ष लागलं.

बाईंच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "घाई कायची?" पालक ओरडत आले, "घाई कायची?" मुलगी नापास झाली, "घाई कायची?" शाळेच्या मागं आग लागली तेव्हा मात्र त्यांनी ते म्हटलं नाही. दोन्ही हातांत घागरी घेऊन सगळ्यांत आधी त्याच धावल्या होत्या. सांगायचं इतकंच की बाई संथ नव्हत्या. कुठं पळायचं आणि कुठं थांबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता कौसीचं सांगते. गिरजाबाईंचं नाव काढलं की मला कौसीच आठवते, त्याला माझा इलाज नाही.

कौसल्या नऊ वर्षांची. आई नाही. बाप गोविंदा, नदीपलीकडं वांगी-मेथी लावायचा. घर चालवायला त्याची बहीण, म्हणजे कौसीची आत्या. मुलगी दिसायला गोड, बोलायला चुरचुरीत, अभ्यासात पुढं. पण तिच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या तळव्यात बाभळीचा काटा रुतायचा. कुणाच्या डब्यात मातीच निघायची. विचारलं तर कौसी डोळ्यांत डोळे घालून सांगायची, "मी नाही बा." गोविंदा एकदा शाळेत येऊन रडला होता. "बाई, ही पोट्टी मले समजतच नाही. मारलं तं रडत नाही, जवळ घेतलं तं हसत नाही. दोरीनं मारलं तवा हे मले इचारते, हात दुखून राहिला काय बाबा?"

त्या श्रावणात ते घडलं. शाळेच्या मागच्या अंगाला पाण्याचा हौद होता, मोठ्या माणसाच्या छातीइतका. मधल्या सुटीत गलका झाला. आम्ही धावलो तर पहिलीतली चिमी पाण्यात, आणि काठावर कौसी उभी. बाईंनी नऊवारीसकट उडी टाकली आणि पोर वर काढली. चिमी वाचली. डॉक्टरांना बोलावलं, शाळेवर जी कमिटी होती तिनंच नेमलेले ते डॉक्टर. तोवर कौसीनं असा आकांत मांडला होता की काय सांगू! "घसरली हो चिमी, मी हात देल्ला पन पुरला नाही हो!" हुंदके, उचक्या, नाकातून पाणी. डॉक्टरांनी चिमीला तपासलं आणि कौसीच्या पाठीवरून हात फिरवला. "फार हळवी आहे पोर. घाबरलीय. हिला गरम दूध द्या." मीच दूध आणून दिलं. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

सगळे गेल्यावर बाईंनी तिला ओल्या लुगड्यानंच समोर बसवलं. मी दारात होते. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "कौसे, मी मारनार नाही. काहून ढकललं?"

कौसीचं रडं तिथल्या तिथं थांबलं. उचकीसुद्धा राहिली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "चिमी किती वेळ हात हलवते, ते पाहून राहिली होती मी."

बाईंनी लुगड्याचा पदर पिळला. मग म्हणाल्या, "खरं सांगतलं. बरं केलं." इतकंच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जे केलं ते मला तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटला. त्या स्वतः चिमीच्या आईकडे गेल्या. ती फुलांचे हार करून देवळापाशी विकायची. तिला घडलं ते सगळं सांगितलं. मग डॉक्टरांकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. चिमीच्या आईनं बोटं मोडून शिव्याशाप दिले, ते बाईंनी उभ्यानं ऐकून घेतले. डॉक्टरांचा चेहरा मात्र पडला. ज्या पोरीच्या पाठीवरून आपण हात फिरवला तिनं आपल्याला इतकं सहज बनवावं! आठ दिवसांत त्यांनी कमिटीपुढं कागद ठेवला. माणूस वाईट नव्हता हो. शिकलेला होता, मनापासून बोलत होता. ते म्हणाले, "काही मुलं जन्मतःच नीतीला आंधळी असतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना नाव आहे. दया नाही, पश्चात्ताप नाही, आणि शिक्षेनं फरक पडत नाही. लवकर ओळखायचं आणि चांगल्या मुलांपासून दूर करायचं, एवढंच आपल्या हाती. रजिस्टरात तसं लिहा आणि दाखला देऊन टाका."

असा दाखला हातात पडला की गावातली दुसरी कुठली शाळा तिला दारात उभी करणार नव्हती. आणि आत्या तर वाटच पाहत होती. अकोटकडच्या खेड्यात एक बिजवर शोधून ठेवला होता, कौसीच्या बापाच्या वयाचा. कायदा होता, पण कायदा खेड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. "असल्या पोट्टीले दुसरा कोन करन?" आत्या म्हणायची. म्हणजे त्या एका रकान्यात एक शब्द पडला की नऊ वर्षांच्या पोरीचा निकाल लागला.

गिरजाबाई कमिटीपुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, ओळखायले माहा नकार नाही. मी तं तुमच्या आंधी ओळखलं. लवकर ओळखलं ते बरंच झालं. पन ओळखून मंग काय करता, ते सांगा. ताप ओळखला की तुमी औषध देता का पोराले घराबाहेर काढता?"

"या तापाला औषध नाही, बाई."

"तुमी एकाले तरी देऊन पाह्यलं?"

कमिटीचे मेंबर चुळबुळले. शेवटी पुढच्या श्रावणापर्यंत मुदत मिळाली. तोवर काही वेडंवाकडं झालं तर मुलीबरोबर मोठ्या बाईंनीही घरी जायचं, असं ठरलं. बाई परत आल्या आणि मला म्हणाल्या, "सुमे, आता त्या पोट्टीले एक पळ एकटं सोडायचं नाही. लहान्या पोरींजवळ तं नाहीच. माया-दया मंग पाहू." त्या भोळ्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पुढं लोकांनी गोष्ट करून सांगितली की बाईंनी प्रेमानं पोर सुधारली. प्रेम होतंच, पण बाईंची नजर आधी हौदावर होती.

महिन्याभरात भुलाबाई बसल्या. आमच्याकडं भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. पोरी डबा हलवून आवाज ऐकतात, वास घेतात, कल्ला करतात. कौसीला कुणी आपल्यात घेत नसे. त्या वर्षी बाईंनी तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं, पोरींच्या घोळक्यात बसवलं. डबा आला. पोरी ओरडायला लागल्या, लाडू! करंजी! डाळ! कौसी डब्याकडं बघतच नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडं बघत होती. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "जांबाच्या फोडी. तिखट-मीठ लावून."

झाकण उघडलं, तर जांबाच्या, म्हणजे पेरूच्याच फोडी!

"कसं ओळखलं वं?"

"तुमी सांगतलं."

"मी? मी कवा?"

"कोनं गोड म्हनलं की तुमी खुशाल हसत होत्या. एकीनं खारी डाळ म्हनलं तवा तुमचा डोळा हलला. मंग खारंच असन. अन् सकाळी तुमच्या भावानं जांब आनले होते."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जायला तीन टोळ्या दारात उभ्या! कौसी असली की खाऊ चुकत नाही. आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर, ज्या चेहऱ्यावर दोरीचा मार कधी उमटला नव्हता त्यावर, पहिल्यांदा काहीतरी फुललेलं मी पाहिलं.

बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. तपकीर ओढायचंही विसरल्या होत्या. "सुमे, तो डॉक्टर हिले आंधळी म्हनते. अवं, हिले तुह्या-माह्यापेक्षा जास्त दिसते! कोनाले दुखते, कोन भेते, सगळं दिसते. फक्त तिले त्याचं काही होत नाही."

"मग?"

"मंग काय? मार लागत नाही, शाबासकी लागते. दिसते तेवढं कामाले लावू."

त्या दिवसापासून रोज सकाळी कौसी उंबऱ्याशी बाईंच्या पाटाशेजारी उभी. मुली आत यायच्या, बाई डोकी मोजायच्या आणि कौसी हळू आवाजात सांगायची. "हे उपाशी आली." "हिचा कान दुखून राहिला." "हे हसून राहिली पन घरी भांडन झालं." बाई त्या पोरीला बाजूला घेत, कुणाला भाकर मिळे, कुणाला कानात तेल. आणि सगळ्यांसमोर बाईंचा तो टांगा थांबवणारा आवाज, "शाब्बास कौसे!" ते ऐकायला ती सगळ्यांत आधी शाळेत यायला लागली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. थंडीच्या दिवसांत कळलं की कौसीनं एका मुलीला गाठून धमकावलं होतं. "तुहा बाप दारू पेऊन पडते ते मले माहीत आहे, सगळ्याईले सांगन, नाही तं तुही रिबीन दे." मी म्हटलं, झालं, संपलं! काढा तिला! बाईंनी तिला मारलं नाही, रागावल्यासुद्धा नाहीत. "आठ दिवस उंबऱ्यावर येऊ नोको," एवढंच. रिबीन परत करायला लावली. आठ दिवस कौसी मागच्या बाकावर दगडासारखी बसली. नवव्या दिवशी बाईंनी पाटाशेजारची जागा दाखवली, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा तसं झालं नाही. एकदा वेगळीच खोडी केली, तर तिलाही आठ दिवसच मिळाले. बाईंचा नियम रोज तोच असायचा. आमचं तसं नसे. आज डोकं दुखतंय म्हणून चापट, उद्या दया आली म्हणून माफी. बाई म्हणायच्या, "जिले आतून कळत नाही, तिले भायेरून एकसारखं कळलं पायजे."

उन्हाळा लागला तेव्हा बाईंनी कहर केला. हौद कौसीच्या स्वाधीन केला! लहान मुलींना पाणी काढून द्यायचं, पाय धुवायचे, कुणी काठावर चढलं तर उतरवायचं.

मी कडाडले. "बाई, हा विस्तू पदरात बांधून घेताय तुम्ही! तिथंच तर तिनं—"

"तथीच. दुसरीकडं कायले?"

"आणि उद्या पुन्हा ढकललं तर?"

"म्हनून तं तू बसशीन तथी. रोज, मधल्या सुटीत. शिवनटिपन घेऊन."

दोन महिने मी त्या हौदाजवळ शिवण घेऊन बसले. एक टाका सरळ पडला असेल तर शपथ! सगळं लक्ष कौसीच्या हातांवर. पहिले काही दिवस चिमी तिकडं फिरकली नाही. लांबून तहानेल्या डोळ्यांनी बघायची. कौसीनं तिला बोलावलं नाही. तांब्या भरला, चार पावलं चालत गेली, जमिनीवर ठेवला आणि मागं सरकली. चिमीनं पाणी प्यायलं. असं किती दिवस चाललं. मग तांब्या एक पाऊल हौदाजवळ, मग आणखी एक. शेवटी एके दिवशी चिमी स्वतः हौदाशी आली आणि कौसीनं तिचं मनगट धरलं. माझ्या हातातली सुई बोटात गेली. पण ते मनगट तिनं घट्ट धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं पाय धुतले आणि पोर लांब पायरीवर नेऊन सोडली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भीती कुठं असते आणि कशानं जाते, हे तिनं पाहून ठेवलं होतं.

श्रावण जवळ आला. डॉक्टर आणि कमिटीचे दोन मेंबर येऊन कौसीला तपासणार होते. तेव्हा मी जी चूक केली ती आज सांगताना लाज वाटते. मी कौसीला एका बाजूला घेऊन शिकवलं, की डॉक्टर विचारतील, चिमीला ढकललं त्याचं काय वाटतं. तर रडायचं, आणि म्हणायचं, मला फार वाईट वाटतं. कौसीनं लगेच करून दाखवलं. ओठ थरथरला, डोळे भरले, आवाज फाटला. इतकं हुबेहूब की माझ्या अंगावर काटा आला. आणि मागं बघते तर दारात गिरजाबाई.

बाई माझ्यावर चिडल्या त्या एवढ्या एकदाच. "सुमे! वर्सभर मी जे उपटून राहिली, ते तू पुन्यांदा पेरून राहिली काय? तिले खोटं रडता येते, ते तं मले पयल्या दिवशीपासून माहीत आहे. तिले खरं बोलता येते, हे कमावलं मी!" मग कौसीकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "कौसे, जे असन ते सांगजो. जे नसन ते सांगू नोको."

तो दिवस आला. मोठ्या वर्गात टेबल मांडलं. एका बाजूला गोविंदा, पागोटं मांडीवर घेऊन बसलेला. दुसऱ्या बाजूला चिमीची आई, तिला कमिटीनंच बोलावलं होतं. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"कौसल्या, गेल्या वर्षी चिमी पाण्यात पडली—"

"पडली नाही. मी ढकललं."

"बरं. तेव्हा तुला काय वाटलं?"

"काही नाही."

"आणि आज ते आठवलं, तर काय वाटतं?"

कौसीनं खरंच विचार केला. मी मनात म्हणत होते, रड गं बाई, रड एकदा! "आजबी काही वाटत नाही," ती म्हणाली.

एका मेंबरनं जोरात च्-च् केलं. गोविंदानं मान खाली घातली.

"मग आता ढकलत का नाहीस? बाई मारतील म्हणून?"

"बाई मारत नाहीत. मारलं तरी मले काही होत नाही."

"मग?"

"चिमी पान्याले भेते. मी असली की भेत नाही. सगळ्या लहान्या पोट्ट्या मलेच आवाज देतात. मले ते आवडते."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "बघा. मी वेगळं काय म्हणत होतो? मुलगी स्वतःच सांगतेय."

गिरजाबाई उठल्या. "डॉक्टरसायेब, मागच्या श्रावनात या पोट्टीनं तुमच्यासमोर खोटं रडून दाखोलं. तुमी हिच्या पाठीवरून हात फिरोला. आज हे तुमच्यासमोर खरं बोलली, अन् तुमी हिले दाखला देऊन राहिले. तुमीच सांगा, तुमी तिले काय शिकवून राहिले?"

डॉक्टरांचा हात कागदावरच थांबला. तेवढ्यात चिमीची आई उभी राहिली. फुलांची टोपली अजून कडेवरच होती.

"सायेब, मले तुमचं पुस्तक समजत नाही. सालभर मी या पोट्टीले शाप देत होती. माही चिमी रोज घरी येऊन सांगे, कौसीनं पाय धुऊन देल्ले, कौसीनं हात धरला. मले खरंच वाटे ना. म्हनून आठ दिवस इक्री सोडून मी कुंपनाआडून पाह्यलं. आठई दिवस! तिनं एक डाव हात नाही सोडला. तिच्या मनात काय हाय ते देवाले माहीत. हात मी माह्या डोळ्यानं पाह्यला." मग तिनं टोपली खाली ठेवली आणि कमिटीला ठणकावलं, "काढू नोका तिले. काढलं तं माही पोरगी हौदावर कोनासंग जाईन?"

मी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या, एकटीनं, मोठ्या माणसांसमोर. मग बाहेर खिडकीला चिकटलेल्या पोरींनी वाजवल्या, आणि कल्ला असा झाला की मेंबरांना बोलताच येईना. गोविंदा उठून कुणाच्या पाया पडू ते न कळून टेबलाच्याच पाया पडला.

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला. मनाचा मोठा माणूस. म्हणाले, "बाई, हरलो मी. पण रकान्यात काही तरी लिहावं लागेल."

"लिवू ना. 'हौद सांभाळते.'"

"शाईनं लिहा, माझी हरकत नाही."

"घाई कायची?" बाई म्हणाल्या आणि कानामागची पेन्सिल काढली.

आत्याचा बिजवर दुसरीकडं गेला. कौसी चौथी पास झाली, पुढंही शिकली. दोनेक वर्षांनी ते डॉक्टर एका संध्याकाळी बाईंच्या घरी आले, बरोबर त्यांची सात वर्षांची भाची. म्हणाले, "हिचं काही कळत नाही बाई, घरातले सगळे हरले. जरा पाहता का?" बाईंनी पाट पुढं केला. टोमणा मारला नाही. मी असते तर दोन तरी मारले असते.

पुढं माझं लग्न झालं आणि मी अमरावतीला गेले. पत्रं यायची, बाईंची अक्षरं मोठी आणि वाकडी. कौसी नर्सचं शिकली हे त्यातूनच कळलं. मग बरीच वर्षं गेली आणि निरोप आला की बाई आजारी आहेत, साखरेच्या आजारानं पाय नासलाय. मी मिळेल त्या गाडीनं अकोल्याला गेले.

दुपार होती. नदीकाठच्या भावाच्या घरी बाई खाटेवर बसलेल्या, निम्म्या झालेल्या. खाली जमिनीवर पांढऱ्या लुगड्यातली कौसी, बाईंचा पाय मांडीवर घेऊन. वास असा की भावाची सून नाकाला पदर लावून अंगणात उभी होती. कौसीनं नाक मुरडलं नव्हतं. ती जखम धूत होती, आणि नजर जखमेवर कमी, बाईंच्या चेहऱ्यावर जास्त. बाईंची भुवई जरा हलते न हलते तोच तिचा हात थांबे, जागा बदले आणि पुन्हा चाले. बाईंच्या तोंडून एकदाही हाय निघाली नाही.

मी ते पाहिलं आणि मला रडू कोसळलं. हुंदके देऊन रडायला लागले.

कौसीनं मान वर न करता म्हटलं, "सुमतीबाई, तुमी भायेर बसा. तुमी रडता तं बाई तुमच्यासाठी भेतात, अन् पाय आखडून घेतात."

मी बाईंकडं बघितलं. त्या सुकलेल्या चेहऱ्यावर असं हसू होतं, असा थाट होता, की दरबार जिंकून आलेल्या राणीचाही नसेल. तोच जुना आवाज, आता बारीक झालेला. "जाय सुमे, भायेर जाय. ते बरोबर सांगून राहिली."

मी मुकाट्यानं अंगणात जाऊन बसले. रडणं काही थांबलं नाही, पण ते दुःखाचं नव्हतं. आतून बाईंचा आवाज आला, अंगणात उभ्या सुनेला आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही ऐकू जाईल असा:

"शाब्बास कौसे!"